रिंग जातेय

१९९९ साली आमच्या घरी पाठीमागे फुगलेल्या मॉनिटरचा एक संगणक होता आणि रात्री सगळे झोपले की तो परग्रहावरच्या बुद्धिमान प्राण्यांचा शोध घेत असे. हे वाक्य लिहिताना मलाच हसू येतंय, पण त्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी ‘सेटी ॲट होम’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. प्वेर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीने आकाशातून टिपलेली खरखर इतकी साचत चालली होती की ती चाळायला त्यांच्याकडचे संगणक पुरे पडेनात. मग त्यांनी ती १०७-१०७ सेकंदांच्या तुकड्यांत कापली आणि जगभरच्या हौशी लोकांना वाटून टाकली. तुमचा संगणक रिकामा बसलेला असेल तेव्हा त्याने आमचं एवढं काम करावं, असा सरळ मामला. पुढे लाखो लोक त्यात सामील झाले. त्यांतली मी एक.

पडद्यावर रंगीबेरंगी सुळक्यांच्या रांगा उभ्या राहायच्या. त्यांचा अर्थ मला धड कळत नव्हता, पण एखादा सुळका शेजाऱ्यांपेक्षा उंच गेला की छातीत उगीच धडधडायचं.

बाबा टेलिफोन ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून देण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. सकाळी दाढी करता करता ते त्या पडद्याकडे बघायचे आणि विचारायचे, “लागला का?”

“नाही.”

“रिंग तरी जातेय?”

“रिंग कसली, बाबा? आपण फोन केलेलाच नाही. आपण नुसतं ऐकतोय.”

यावर ते गालाचा फेस पुसत थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “आणि तिकडचेही नुसते ऐकत बसले असतील तर?”

मला तेव्हा हा बाबांचा नेहमीचा फिरकीचा सूर वाटला. पुष्कळ वर्षांनी कळलं की या विषयातली जाणती माणसंही याच प्रश्नापाशी येऊन अडखळतात. सगळ्यांनीच कान लावले आणि तोंड कुणीच उघडलं नाही, तर विश्व माणसांनी गच्च भरलेलं असूनही चिडीचूप राहील.

ऐकण्याची सुरुवात झाली ती १९५९ साली. जुझेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक छोटासा लेख लिहिला. तारे इतके दूर, रेडिओलहरींच्या वारंवारता इतक्या असंख्य. कुणी कुणाला कुठल्या वारंवारतेवर गाठायचं? त्यांनी सुचवलं, हायड्रोजनवर. विश्वात सगळ्यांत विपुल असलेलं हे मूलद्रव्य २१ सेंटीमीटर तरंगलांबीची लहर आपोआप सोडत असतं, आणि खगोलशास्त्र शिकलेल्या कुठल्याही प्राण्याला ती ठाऊक असणारच. अनोळखी शहरात दोघांची चुकामूक झाली, तर दोघंही आपापल्या डोक्याने घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जाऊन उभे राहतात, तसंच काहीसं हे. त्याच लेखाच्या शेवटी ते म्हणतात की यशाची शक्यता सांगणं अवघड आहे, पण शोधलंच नाही तर ती शून्य आहे. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक या गावची २६ मीटर व्यासाची दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या ताऱ्यांवर रोखली. काही आठवडे ऐकलं. लागला नाही.

तेव्हापासून आजतागायत लागलेला नाही. मात्र ‘काहीच ऐकू येत नाही’ याचा अर्थ काय लावायचा, हे मला बाबांनी शिकवलं. त्यांच्या मते शांतता एकाच जातीची नसते. लाइन तुटलेली असते तेव्हा हेडफोनमध्ये स्वतःचाच श्वास ऐकू येतो. लाइन धड असते, रिंग जाते, पण उचलत कुणी नाही, ती दुसरी. माणूस बाहेर गेलाय, झोपलाय की या जगातून गेलाय, हे रिंगवरून कळत नाही. आणि उचललेलं असतं पण कुणी बोलत नाही, ती तिसरी. मुरलेल्या ऑपरेटरला तिन्ही ओळखता येतात. कॉल बुक करून बाकावर बसलेल्या माणसाला तिन्ही सारख्याच. आकाशाच्या बाबतीत आपण अजून बाकावरचे आहोत.

तेही फार वेळ बसलेलो नाही. २०१८ साली तीन खगोलशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता. दिशा, अंतर, वारंवारता, संदेशाची तीव्रता, तो किती वेळाने पुन्हा येतो, हे सगळं धरून जेवढं शोधायला हवं ते पृथ्वीवरच्या समुद्रांएवढं मानलं, तर आजवर आपण चाळलेलं पाणी अंघोळीच्या एका मोठ्या टबाएवढं आहे. टबात मासा नाही म्हणून समुद्रात मासा नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण टबात मासा नाही, हेही खरंच आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात रॉंग नंबर मात्र पुष्कळ लागले. लाकडात किडा पोखरत जातो आणि चुकून एखादं अक्षर उमटतं, त्याला आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात. या शोधाचा निम्मा इतिहास घुणाक्षरांचा आहे. १८७७ साली स्कियापरेल्ली यांना मंगळावर रेषा दिसल्या, त्यांना त्यांनी इटालियनमध्ये चर म्हटलं, इंग्रजीत जाताना चरांचे कालवे झाले, आणि पर्सिव्हल लोवेल यांनी त्या कालव्यांवर तहानलेली, मरणपंथाला लागलेली एक अख्खी संस्कृती वसवली. रेषा नव्हत्याच; माणसाचा डोळा ठिपके जोडतो, एवढंच. १९६७ साली जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी येणारा घड्याळासारखा नेमका ठोका सापडला. त्याला गमतीने ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव पडलं. तो निघाला गरगर फिरणारा मृत तारा, म्हणजे पल्सार. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला कित्येक वर्षं अधूनमधून काही चमत्कारिक झटके ऐकू येत. २०१५ साली त्यांचा उगम सापडला. तिथलेच लोक घाईघाईत, मायक्रोवेव्ह ओव्हन बंद व्हायच्या आत त्याचं दार उघडत होते.

एक कोडं मात्र उरलं. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या ‘बिग इअर’ या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक ठसठशीत संकेत टिपला, हायड्रोजनच्या त्याच ठरलेल्या वारंवारतेच्या आसपास. काही दिवसांनी छापील कागद तपासताना जेरी एमन यांनी त्या आकड्यांभोवती लाल शाईने वर्तुळ काढलं आणि बाजूला लिहिलं, ‘वॉव!’ त्या जागी नंतर किती तरी वेळा कान लावला गेला. पुन्हा काही नाही. बाबांना हा किस्सा सांगितला तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. “एकदाच वाजून बंद पडलेली रिंग नोंदवहीत लिहीत नसत,” म्हणाले. मी मात्र लिहून ठेवली असती.

आता मूळ प्रश्न. शक्यता किती?

१९६१ च्या नोव्हेंबरात ड्रेक यांनी ग्रीन बँकला दहाबारा जणांना बोलावलं होतं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन होते, डॉल्फिनच्या भाषेमागे लागलेले जॉन लिली होते, आणि मेल्व्हिन कॅल्व्हिन होते, ज्यांना त्या बैठकीदरम्यानच नोबेल मिळाल्याची बातमी आली. चर्चेला काही क्रम हवा म्हणून ड्रेक यांनी फळ्यावर एक गुणाकार मांडला. आपल्या आकाशगंगेत वर्षाला किती तारे जन्मतात, त्यांतल्या कितींना ग्रह, त्यांतले किती राहण्याजोगे, कितींवर जीव उपजतो, कितींवर त्याला बुद्धी फुटते, किती जण रेडिओपर्यंत पोचतात, आणि पोचल्यावर किती वर्षं टिकतात. लोक याला समीकरण म्हणतात. मला ती अज्ञानाची खातेवही वाटते, आणि हे मी कौतुकाने म्हणतेय. काय ठाऊक नाही ते इतक्या नीटनेटकेपणाने क्वचितच कुणी लिहून ठेवलं असेल.

त्या वहीतली पहिली पानं आपण भरली. १९९५ साली मेयर आणि केलो यांना सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह सापडला. त्यानंतर केप्लर दुर्बिणीने नऊ वर्षांत ग्रहांची रासच घातली. आज नोंद झालेल्या परग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे आणि ताऱ्याला ग्रह असणं हा अपवाद नसून रीत आहे, हे पक्कं झालंय. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. त्यालाही ग्रह आहे. आकाशगंगेत तारे निदान शंभर अब्ज. माझ्या ओळखीतले बहुतेक आशावादी इथेच थांबतात. एवढे ग्रह म्हटल्यावर कुठे ना कुठे कुणी असणारच, म्हणतात.

मीही बरीच वर्षं तसंच म्हणत असे. पण गुणाकाराचा स्वभाव असा की सहा रकमा कितीही मोठ्या असोत, सातवी शून्याला टेकलेली असली तर सगळी बेरीज-वजाबाकी वाया. आणि चौथ्या रकमेपासून पुढे आपला कारभार अंदाजपंचे दाहोदरसे आहे. ‘ग्रह किती’ हे दुर्बिणीने मोजता येतं. ‘जीव किती सहज उपजतो’ हे मोजायला आपल्यापाशी एकच उदाहरण आहे, आणि ते आपणच.

शितावरून भाताची परीक्षा होते, असं आपण म्हणतो. होतेच. पण ती होते कारण परीक्षा करणारी माणसं भांड्याबाहेर असतात आणि शीत कुठलंही उचलता येतं. इथे भांड्याचं झाकण बंद आहे, आत अंधार आहे, आणि एक शिजलेलं शीत स्वतःकडे बघून म्हणतंय, ‘मी शिजलोय त्या अर्थी सगळा भात शिजला असणार.’ कच्चं राहिलेलं शीत हा प्रश्न विचारणारच नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला आपण शिजलेलोच दिसणार, मग भांड्यात सगळी शितं शिजलेली असोत की कोट्यवधींत एकच. आपलं असणं हा पुरावा आहे, पण तो कशाचा पुरावा आहे ते सांगता येत नाही. या विषयावरचं माझं इतक्या वर्षांचं वाचन या एका अडचणीभोवती फिरतंय.

तरी त्या शिताला आपला इतिहास तपासता येतो. पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियात सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांनी रचलेले थर अजून दिसतात. म्हणजे ग्रह थंड होऊन स्थिरावतो न स्थिरावतो तोच जीव हजर. यावरून मला वाटतं, नुसता जीव फार दुर्मीळ नसावा. कुठल्या तरी बर्फाखालच्या समुद्रात, कुठल्या तरी खडकाच्या भेगेत, बुळबुळीत, मुका, आनंदात असलेला जीव पुष्कळ ठिकाणी सापडावा.

पण पुढचा भाग वाचताना उत्साह मावळतो. त्यानंतर दीडशे कोटींहून जास्त वर्षं इथे फक्त साध्या, केंद्रक नसलेल्या पेशी होत्या. ना झाड, ना प्राणी, ना बुरशी. मग कधी तरी एका पेशीच्या पोटात दुसरी गेली आणि पचली नाही. आत राहून ती यजमानाला ऊर्जा पुरवू लागली. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीतली मायटोकॉन्ड्रिया ही त्या न पचलेल्या पाहुणीची वंशज. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं, त्याआधी बऱ्याच नियतकालिकांनी त्यांचा लेख साभार परत पाठवला होता. धक्कादायक भाग पुढेच आहे. आजचे सगळे गुंतागुंतीचे जीव, वडापासून देवमाशापर्यंत, त्या एकाच कुळातले आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा तो योग पृथ्वीवरच्या अब्जावधी वर्षांत आणि अगणित पेशींत टिकाऊपणे एकदाच जुळलेला दिसतो.

डोळे इथे वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे घडले. पंख चार वेळा घडले: कीटकांना, उडत्या सरीसृपांना, पक्ष्यांना, वटवाघळांना. उत्क्रांतीला जे उपयोगी वाटतं ते ती पुन्हा पुन्हा करते. बुद्धीच्या ठिणग्याही बऱ्याच ठिकाणी दिसतात; कावळा हत्यार वापरतो, आणि ज्याचं-आपलं कूळ पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी वेगळं झालं तो ऑक्टोपस बरणीचं झाकण फिरवून उघडतो. पण रेडिओ एकदाच. डायनोसॉर सोळा कोटींहून अधिक वर्षं इथे मिरवले आणि त्यांना दुर्बिणीची गरज एकदाही भासली नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो अशनी आदळला नसता तर अजूनही भासली नसती, असं मला वाटतं.

ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ साली मांडलेला एक युक्तिवाद मला सगळ्यांत जास्त छळतो. सूर्य हळूहळू प्रखर होत चाललाय. साधारण शंभर कोटी वर्षांत पृथ्वीवरचे समुद्र उडून जातील, असा अंदाज आहे. म्हणजे जीवसृष्टीला मिळालेल्या सुमारे साडेपाचशे कोटी वर्षांपैकी साडेचारशे खर्चून आपण उगवलो. शेवटची गाडी हलल्यावर धावत जाऊन दांडी पकडावी तसे. विचार करणारा प्राणी घडणं ही सोपी, वेळेत उरकणारी गोष्ट असती, तर आपण एवढ्या उशिरा का आलो? सरासरीने लागणारा वेळ ताऱ्याच्या आयुष्यापेक्षा कितीतरी मोठा असेल आणि आपली गाडी निव्वळ नशिबाने मिळाली असेल, तर बहुतेक ग्रहांच्या फलाटांवर गाडी निघून गेल्यावर कुणी तरी पोचत असेल. किंवा कुणीच पोचत नसेल.

बुद्धिमान म्हणायचं तरी कुणाला? या शोधात व्याख्या अगदी रोखठोक आहे: ज्याच्याकडे रेडिओ दुर्बीण आहे तो. या व्याख्येत आर्यभटापासून न्यूटनपर्यंत सगळे नापास. हसू येतं, पण दुसरा मार्ग नाही. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पृथ्वीकडे परक्या नजरेने बघायला लावलं. इथे कुणी राहतं का? यानाला हवेत मुबलक ऑक्सिजन दिसला, त्याच्या जोडीला मिथेन दिसला, झाडांनी गिळलेला लाल रंग दिसला. जीव असणार, एवढं त्यावरून म्हणता आलं. पण बुद्धीचा संशय घ्यावा असं त्या सगळ्या नोंदींत एकच होतं: अरुंद पट्ट्यातल्या, कृत्रिम वाटणाऱ्या रेडिओलहरी. कविता, गणित, न्यायनिवाडे यांतलं काही तेवढ्यावरूनसुद्धा दिसलं नाही. आमचे वायफळ बोलणे मात्र पोचले.

निराशावाद्यांच्या भात्यातला सगळ्यांत धारदार बाण १९५० चा आहे. अमेरिकेतल्या लॉस अलामोसमध्ये जेवताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी मध्येच विचारलं, “सगळे आहेत कुठे?” मी हा प्रश्न आपल्या परीने मांडून बघितला. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चाललंय. त्याच्यावरच्या सोनेरी तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे, हे कळलं तेव्हा मला उगाचच भरून आलं होतं. हे यान आपल्याला संथ वाटतं. प्रॉक्सिमाएवढं अंतर तोडायला त्याला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. पण अख्खी आकाशगंगा, एक लाख प्रकाशवर्षं, याच गोगलगाईच्या चालीने ओलांडायला किती लागतील? साधारण १७६ कोटी वर्षं. आकाशगंगेचं वय १३०० कोटी. म्हणजे आपल्या १९७७ सालच्या तंत्रज्ञानानेही कुणी तरी आतापर्यंत हे टोक ते टोक अंतर सात वेळा तोडलं असतं. एकालाही ती इच्छा झाली नाही? एकाचंही यंत्र इथवर भरकटत आलं नाही?

याला उत्तरं पुष्कळ दिली जातात. ते लपून बसलेत, ते आपल्याला प्राणिसंग्रहालयासारखं लांबून बघतायत, त्यांना प्रवासाचा कंटाळा आहे. मला यातलं एकही पटत नाही, कारण प्रत्येक उत्तरात ‘ते सगळेच्या सगळे’ असे शब्द दडलेले आहेत. माणसांच्या एका घरात सगळ्यांचं एकमत होत नाही. हजारो संस्कृतींचं लपून राहण्यावर एकमत कसं होईल? तेव्हा सरळ उत्तर घ्यावं: आपल्या आकाशगंगेत ते फार थोडे असावेत. इतके थोडे की मी ‘आत्ता या क्षणी एकही नाही’ यावर पैज लावायला तयार आहे. विश्वात मात्र आहेत, असंही मला तितक्याच ठामपणे वाटतं, कारण आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकाच शेकडो अब्ज आहेत. पण ती मंडळी कोट्यवधी प्रकाशवर्षांवर असली तर त्यांच्या असण्याचा आपल्याला काय उपयोग? नुसतं असणं वेगळं, लाइन जुळणं वेगळं.

आणि ‘आत्ता’ हा शब्द मी जपून वापरलाय.

ड्रेक यांच्या गुणाकारातली शेवटची रक्कम आयुर्मानाची. ग्रीन बँकच्या मंडळींना तेव्हाच वाटलं होतं की बाकीच्या रकमा एकमेकींना खाऊन साधारण एक उरतो, आणि उत्तर म्हणजे ही शेवटची रक्कमच: संस्कृती जितकी वर्षं टिकते, जवळजवळ तितक्याच एका वेळी हयात असतात. ड्रेक यांनी आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘एन म्हणजे एल’ अशा अर्थाची अक्षरं घेतली होती; एन म्हणजे गुणाकाराचं उत्तर, एल म्हणजे आयुर्मान. मी थोडा कंजूष हिशेब केला. समजा, गेल्या हजार कोटी वर्षांत आपल्या आकाशगंगेत दहा हजार संस्कृती रेडिओपर्यंत पोचल्या. दहा हजार म्हणजे चंगळ. आणि समजा, त्या प्रत्येकी हजार वर्षं टिकल्या. तर सरासरीने दहा लाख वर्षांत एक दिवा लागतो आणि हजार वर्षांत विझतो. कुठल्याही एका क्षणी आकाशगंगेत दुसरा कुणी जागा असण्याची शक्यता हजारात एक. दहा हजार दिवे लागले, आणि बहुतेकांनी दुसरा दिवा कधी पाहिलाच नाही.

आकाशगंगेचं सगळं आयुष्य एका वर्षात बसवलं, तर आपली रेडिओची सव्वाशे वर्षं म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. पापणी लवण्याएवढा वेळ, ज्याला जुन्या लोकांनी निमिष म्हटलं. एवढ्याशा निमिषात समोरच्याचंही निमिष उघडं असायला हवं. अंतरामुळे भेट होत नाही असं आपण म्हणतो. मला वाटतं, अंतराहूनही मोठी अडचण चुकामुकीची आहे. एक जण फलाटावर आला, वाट बघून गेला. दुसरा आला.

त्यात व्याकरणही आपल्याला साथ देत नाही. ‘तिथे कुणी आहे का?’ या प्रश्नातलं ‘आहे’ घरगुती अंतरांसाठी घडलेलं क्रियापद आहे. हाक मारली, ओ आली, एवढ्या पल्ल्यात ते चालतं. हजार प्रकाशवर्षांवरून ‘आम्ही आहोत’ असं कुणी कळवलं, तर आपल्या कानावर पडेपर्यंत त्याचं नीट भाषांतर ‘आम्ही होतो’ असं करावं लागेल. आणि आपण घाईने ‘आम्हीही आहोत’ म्हणून धाडलं, तर तिकडेही ते भूतकाळातच पोचणार.

१६ नोव्हेंबर १९७४ रोजी आरेसिबोच्या दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश सोडला गेला. तीन मिनिटांपेक्षा कमी. १६७९ शून्य-एक, कारण १६७९ चे २३ आणि ७३ असेच भाग पडतात आणि त्या मापाच्या चौकटीत मांडले की चित्र दिसतं. त्यात एक ते दहा आकडे, डीएनएचा पीळ, काड्यांच्या बाहुलीसारखा माणूस, सूर्यमाला, आणि सगळ्यांत खाली ज्या दुर्बिणीने तो धाडला तिचं छोटंसं चित्र. वाट २५ हजार वर्षांची. आत्ता कुठे पन्नासेक झालीत. दुर्बीण मात्र १ डिसेंबर २०२० ला कोसळली. नऊशे टनांचा सांगाडा तारांवरून सुटून तिच्याच तबकडीवर पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘सेटी ॲट होम’नेही नवे तुकडे वाटणं थांबवलं होतं. ऐकून ठेवलेलं पुष्कळ झालं, आता त्यात काय आहे ते बसून बघू, म्हणाले. चित्रातली दुर्बीण अजून प्रवासात आहे, धडधाकट.

मी बाबांना कोसळण्याची ती चित्रफीत दाखवली होती. दोनदा बघितली त्यांनी. “आपल्याकडे जुना बोर्ड काढला तेव्हा मी रजा घेतली होती,” एवढंच म्हणाले.

आता त्यांना कमी ऐकू येतं. आयुष्यभर इतरांच्या आवाजांसाठी कान देणाऱ्या माणसाच्या कानात वाटाण्याएवढं यंत्र बसवावं लागलंय, आणि ते त्यांना आवडत नाही. फार आवाज येतो म्हणतात, भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चपलांचा. परवा हा लेख अर्धा झाला होता तेव्हा मला ट्रंक बोर्डाबद्दल काहीतरी विचारायचं होतं म्हणून मी बसल्या जागेवरून हाक मारली. “बाबा!” काही नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जरा जोरात. आतून काहीच आलं नाही. झोपलेत, बाहेर गेलेत की यंत्र काढून ठेवलंय, ते कळेना, आणि शांततांच्या जाती एव्हाना मला पाठ असूनही त्या कळण्याचा काही उपयोग नव्हता. उठून आत गेले. ते खिडकीशी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. यंत्र टेबलावर उपडं पडलं होतं, बारीक शिट्टी वाजवत. माझी सावली कागदावर पडली तशी त्यांनी मान वर केली.

“कधीपासून हाक मारतेयस?” त्यांनी विचारलं.